वालूरहून जिंतूरला, पायी

मार्गशीर्षाची थंडी पडली की परभणीत दुपारचं ऊनसुद्धा हवंहवंसं वाटायला लागतं. गल्लीत कोणीतरी गोधड्या वाळत घालतं, तुरीच्या शेंगा विकणारी बाई दारावरून ओरडत जाते, आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर, बरोबर पट्टे यायचे त्या जागी, काहीतरी जाणवायला लागतं. दुखत नाही. नुसतं असतं. नवारीचा रुंद पट्टा, त्याच्या आत घातलेला घोंगडीचा तुकडा, आणि बापाच्या हातानं ओढून बसवलेली गाठ.

त्या हिवाळ्यात मी सहावीत होते. आई जाऊन वर्ष उलटलं होतं. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, वालूरच्या शाळेत मास्तर होते. घरात आम्ही दोघंच. सकाळी दादा भाकरी थापायचे आणि तिला कधीही गोल आकार यायचा नाही. तव्यावर टाकताना म्हणायचे, "बघ गं शालू, आज कोणता जिल्हा झालाय?" मी कडा न्याहाळून सांगायची, "बीड." दुसरी भाकरी उस्मानाबाद व्हायची. भूगोल मी असा शिकले, आणि आई नसलेल्या घरात हसायला येतं हेही तेव्हाच शिकले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. शाळेच्या भिंतीवर घोषणा उमटायच्या, चुन्यानं पुसल्या जायच्या, पुन्हा उमटायच्या. गावात माणसं एकमेकांशी तोलून बोलायची. एष्ट्या कधी बंद पडतील याचा नेम नसायचा. अशाच एका संध्याकाळी अड्ड्यावर तासन्‌तास बसून गाडी न मिळालेले दादा घरी आले आणि पायरीवर चपला काढता काढता म्हणाले, "एष्टी बंद पडली तर माणसानं अडून कामून बसायचं? पाय हायेत की. शालू, आपण चालत जाऊ एकदा. चारठाण्यावरून जिंतूरला. देवळं बघत बघत."

"चालत? मी बी?"

"तू आन्‌ मी."

ते शब्द मी झोपताना पुन्हा पुन्हा म्हणून बघितले. तू आन्‌ मी. आई गेल्यापासून मला कोणी असं जोडीला घेतलं नव्हतं.

मग सुरू झाली तयारी. आमच्याकडे चालण्याच्या सामानातलं काहीच नव्हतं, आणि मास्तरांच्या पगारात नवं घेणं परवडणारं नव्हतं. दादांनी तो एक धडाच केला. ओसरीवर सतरंजी अंथरली, न्यायचं वाटतं ते सगळं मला त्यावर मांडायला लावलं. मी गोधडी आणली, उशी आणली, कंदील, पाटी, आईचा आरसा, पितळी तांब्या आणला. दादांनी सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "आता यातलं अर्धं उचलून आत ठेव." मी ठेवलं. "आता उरलेल्यातलं अर्धं." मी रडकुंडीला आले. ते हसले. "ओझं पाठीला असतं बाळा, पण दुखतं ते पायाला. जे लागणारच हाय तेवढंच घ्यायचं."

शनिवारी आम्ही परभणीच्या बाजाराला गेलो. तिथं फौजेतलं जुनं सामान विकणारा एक म्हातारा बसायचा. खाकी पिशव्या, जाड बूट, पट्टे, पाण्याच्या बाटल्या यांचा ढीग. दादांनी एक पाठपिशवी उचलली, उलटी केली, शिवण कुठं दुहेरी आहे, पट्टा पाठीला कुठं जोडलाय, सगळं बोटानं चाचपून बघितलं. म्हातारा म्हणाला, "ले लेव मास्तर, फौज का माल है. फटताच नै." किंमत ऐकून दादांनी ती पिशवी परत ठेवली. घेतली ती फक्त लोकरी कापडाच्या खोळीतली पाण्याची बाटली. "खोळ भिजवली की पाणी गार राहतं," असं मला समजावत ते पुढं निघाले, आणि दोन पावलांवर थांबून डोळा मिचकावला. "पिशवी कशी शिवतेत ते बघून घेतलं. आता आपली आपण शिवून घेऊ."

कापसाच्या गंजीवर घालायच्या जुन्या ताडपत्रीचा तुकडा मिळाला. नवार जुन्या पलंगाची. वालूरच्या शिंप्याच्या मशिनीच्या सुया पटापट मोडायला लागल्या तसा तो कुरकुरला, "मास्तर, पिशवी शिवायलाव का खोगीर?" दादा शेजारी उकिडवे बसून सांगत होते. पट्टा रुंद ठेव, पोरीच्या खांद्याला रुतेल. आतून घोंगडीचा तुकडा घाल. कमरेला एक बंद दे, म्हणजे ओझं लोंबणार न्हाई. माझी पिशवी पाठीला लावून त्यांनी मला दुकानासमोरच्या रस्त्यावरून पळायला लावलं. ती इकडे तिकडे हलली तशी उसवून पुन्हा शिवून घेतली.

बूट घेतले कॅनव्हासचे, मापापेक्षा मोठे. पुढं कापूस कोंबला. "वाढता पाय हाय," दादा म्हणाले. घोंगडी घेतली नवी, मऊ, माझ्यापुरती. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा, एक ताट, एक वाटी. भांड्याच्या दुकानात ताटावर माझं नाव कोरून घेतलं, तेव्हा मी विचारलं, "दादा, आपण दोघंच तर जायलाव. माझं ताट कोण नेणार हाय?" दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुकानदाराला म्हणाले, "जरा ठळक कोरा."

आता लिहिताना सगळं लख्ख दिसतं. माझी प्रत्येक वस्तू टिकाऊ होती, वर्षानुवर्षांसाठी घेतलेली. दादांची पिशवी उरलेल्या कापडाची, एकाच पट्ट्याची. पायात टायरच्या तळव्याच्या जुन्या चपला, पाण्याला सुतळीनं विणलेली काचेची बाटली, अंगावर घ्यायला साधी चादर. त्यांचं सगळं सामान जाऊन परत येण्यापुरतं होतं. पण बाप आपल्याला चांगलं घेतो आणि स्वतःला मोडकंतोडकं ठेवतो, यात कोणत्या पोरीला संशय येईल? तिला ते प्रेम वाटतं. ते प्रेम नव्हतंच असंही मला आज छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. इतक्या वर्षांत सुटला नाही तो गुंता इथंच आहे.

निघण्याआधी रोज संध्याकाळी पिशवीत ज्वारी भरून आम्ही गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत जायचो. रोज थोडी थोडी ज्वारी वाढवायची. "पळून दाखव," दादा म्हणायचे. मला पळता आलं की ओझं बरोबर, नाही आलं तर पसाभर कमी. परत आल्यावर माझ्या टाचांना तेल चोळायचे. त्यांचे हात मास्तरांचे, खडूनं कोरडे पडलेले, पण टाचेवर फोड कुठं येणार हे त्यांना आधीच कळायचं.

निघालो त्या सकाळी ज्वारीवर धुकं होतं. कापूस वेचायला निघालेल्या बायका वाटेत भेटल्या. "मास्तर, पोरीला घेऊन कुणीकडं?" एकीनं विचारलं.

"फिरायला."

"फिरायला? चालत?" बाया हसल्या. पण त्यांच्यातली एक हसली नाही. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि काही न बोलता पुढं गेली. मला वाटलं, माझ्या पिशवीचं कौतुक केलं. गावाला सगळं ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते मला एकटीला.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता. हे मी आजही बदलून सांगू शकत नाही. बोरीखाली थांबून आम्ही बोरं खाल्ली. ओढ्यात पाय सोडून धपाटे आणि तिळाची चटणी खाल्ली. चारठाण्याला देवळाच्या गार खांबाला पाठ लावून बसलो, तीन दगडांवर तुरीच्या शेंगा उकडल्या, मीठ टाकून. खांबावरच्या एका बाईच्या मूर्तीचं नाक कुणीतरी फोडलं होतं. मी विचारलं, "हिला दुखलं असंल का?" दादा म्हणाले, "दगडाला काय दुखतंय." जरा थांबून म्हणाले, "शालू."

"काय?"

बराच वेळ ते शेंगा सोलत राहिले. "काही न्हाई. बाटली भरून आण."

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना जिंतूर दिसलं. मी धावत सुटले. पिशवी पाठीला घट्ट, जराही हलत नव्हती. गावात शिरल्यावर दादा कुणाला वाट न विचारता वळत गेले आणि पत्र्याच्या एका लांब इमारतीसमोर थांबले. आत मुली ताटं घेऊन ओळीत उभ्या होत्या. एक बाई बाहेर आल्या.

"या मास्तर. आज येतो म्हणाला होतात, मी वाटच बघत होते. हिला खिडकीजवळची जागा ठेवलीय."

मी विचारलं, "दादा, आपला मुक्काम इथं हाय?"

बाई हसल्या. "मुक्काम कसला गं? शिकायचंय इथं. दहावीपर्यंत."

मी दादांकडे बघितलं. ते माझ्या पिशवीचा पट्टा नीट करत होते. तो नीटच होता. "इथली शाळा चांगली हाय," ते पट्ट्याला म्हणाले. "मी रविवारी येतो."

"तुमी म्हणला व्हता, तू आन्‌ मी."

"आलोच की, तू आन्‌ मी."

बाईंनी माझा दंड धरला होता. दादा भराभरा चालत एष्टी स्टँडकडे गेले. त्या दिवशी एष्ट्या चालू होत्या. एकदा तरी वळून बघतील म्हणून मी फाटकाच्या गजांना तोंड लावून उभी राहिले. रस्ता संपला, ते संपले.

मला एष्टीत बसवून आणलं असतं तर? मी रडले असते, दांडा धरून बसले असते, कंडक्टरनं चार शब्द सुनावले असते. दादांना ते नको असणार. म्हणून त्यांनी मला हौस लावली, मापं घेतली, टाचा तयार केल्या. मी हसत, पळत, आपल्या पायांनी त्या फाटकात शिरले. पुढं लोकांनी मला पुष्कळ फसवलं, नोकरीत फसवलं, भावकीनं फसवलं. पण फसवण्याआधी माझ्या टाचांना कुणी तेल लावलं नव्हतं.

रविवार आले आणि गेले. दादा आले नाहीत. मग संक्रांत आली. मुलींना न्यायला घरची माणसं आली. कुणी सायकलवर, कुणी बैलगाडीनं, कारण नामांतरावरून तेव्हा पुन्हा एष्ट्या बंद होत्या. मला न्यायला कोणी आलं नाही. मी पिशवी भरली. काय घ्यायचं नाही ते मला चांगलं ठाऊक होतं. मुलींच्या घोळक्यातून फाटकाबाहेर पडले तेव्हा, मीही कुणाच्या तरी सोबत निघालेय असं बाईंना वाटलं असावं.

जिंतूरहून वालूरला सरळ वाट होती. चारठाण्याचा वळसा दादांनी हौसेखातर घेतला होता. थोडी वाट कापसाच्या गाडीवर बसून गेली, बाकीची पायी. गाडीवाल्यानं विचारलं, "एकटीच गं?" मी सांगितलं, "दादा पुढं गेलेत." ते खोटं नव्हतं.

आमच्या घराला नवा रंग दिला होता. दाराला तोरण. ओसरीवर बायका हळदीकुंकवाला बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये काळी चंद्रकळा नेसलेली एक तरुण बाई तिळगूळ वाटत होती. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत होती. सगळ्यांनी माझ्या पाठपिशवीकडे बघितलं. एकेक करून उठून निघून गेल्या. कुणाला तिळगूळ मिळाला, कुणाला नाही.

ती तरुण बाई उभी राहिली. "तू शालू का?"

मी मान हलवली.

"आलीस एकदाची." तिळगुळाचं तबक घेऊनच ती पुढं आली. "मला वाटलं, तू माझं तोंड बी बघायची न्हाईस."

"कामून?"

"तूच म्हणलीस म्हणं की. सावत्र आई येणार असंल तर मी घरात राहत न्हाई, मला बोर्डिंगात ठेवा. लय हट्ट केलास म्हणं. ऐकलंच न्हाईस." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी काय केलं व्हतं गं तुजं? मला बघायच्या आधीच तू घर सोडलंस."

मी म्हणाले, "मला तर तुमी हाव हेच ठाऊक नव्हतं."

तिनं हातातलं तबक खाली ठेवलं. खूप हळू ठेवलं. तेवढ्यात दादा आत आले. त्यांनी मला बघितलं, माझी पिशवी बघितली.

"अहो," ती म्हणाली, "पोरगी काय म्हणायलीय?"

दादा माझ्यासमोर उकिडवे बसले. "चालत आलीस? एकटी?" त्यांच्या आवाजात अभिमान होता. खरोखरचा होता. "बघू पाय. फोड आलेत का?" त्यांनी माझे बूट सोडले, मोजे काढले, टाच तळहातावर घेऊन उजेडाकडे वळवली. एकही फोड नव्हता. ते त्या टाचेकडेच बघत राहिले. वर माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही, आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या तिच्याकडेही नाही.

त्यांच्या हातातून ती टाच मला ओढून घेता आली नाही. तो हात मला हवा होता. याचाच मला पुढं कितीतरी वर्षं राग आला.

दोन्ही बाजूंना खोटं सांगून दादांनी वेळ निभावली होती. तिच्या घरच्यांनी लग्न जमवताना पहिल्या बायकोच्या पोरीचं काय म्हणून विचारलं असणार. आणि पोरगी आपणहून दूर जातेय, म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असणार. दादा दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर सोपं झालं असतं. त्यांना कुणाच्या तोंडावर खरं बोलता यायचं नाही, एवढंच. आणि त्याची भरपाई ते हातांनी करायचे.

एष्ट्या सुरू झाल्यावर मला परत जिंतूरला पाठवलं. दादा म्हणाले वर्ष मध्येच सोडता येत नाही. पोचवायला ती आली, जिला मी पुढं मावशी म्हणायला लागले. फाटकाशी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मला बी फसवलंय, बाळा. पण माझा पाय आता तिथं अडकलाय." मग महिन्याआड तीच यायची. डबा घेऊन, केसांना तेल घेऊन. दादा आजारी असायचे, परीक्षा असायच्या, पेरणी असायची. दहावी होईपर्यंत त्यांनी ते फाटक पुन्हा बघितलं नाही. विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच वर्षी माझं लग्न झालं. मांडवात दादा सगळ्यात जास्त राबले. पाठवणीच्या वेळी मात्र ते कुठं दिसेनात. मावशीनं मला मोटारीत बसवलं.

आता दोघंही थकलेत. थंडीचे दोन महिने माझ्याकडे परभणीला येऊन राहतात. यंदा माझी मुलगी मुक्ता मैत्रिणींबरोबर सह्याद्रीत चालायला जायचीय. तिचं सामान हॉलभर पसरलेलं बघून दादांना चेव आला. खुर्ची पुढं ओढून सांगायला लागले, "मी आन्‌ तुझी आई वालूरहून जिंतूरला चालत गेलो व्हतो. एवढीशी व्हती तुझी आई. पण काय चालायची!"

दादा गोष्ट छान सांगतात. धुकं सांगितलं, बोरं सांगितली, शेंगा सांगितल्या. मुक्ता हरखून ऐकत होती. तिला हे मी कधीच सांगितलं नव्हतं. कुठून सुरू करावं तेच कळायचं नाही. टेकडीवरून जिंतूर दिसलं, शालू धावत सुटली, इथपर्यंत दादा आले आणि थांबले. गोष्ट संपली होती.

मुक्तानं विचारलं, "मग आजोबा, परत कसे आलात?"

"एष्टीनं आलो," दादा म्हणाले.

एकटे आलो की दोघं आलो, ते त्या 'आलो'वरून कळत नाही. मुक्ताला दोघं आलो असंच वाटलं असणार. पलीकडे मावशी मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "एकटे आले. पोरगी तिथंच ठेवून."

मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. दादा जरासुद्धा गडबडले नाहीत. समजूत घालावी तसे म्हणाले, "अगं, तिलाच तिथं राहायचं व्हतं. लय हट्ट केला पोरीनं." मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "हाय का न्हाई गं शालू?"

मला तेव्हा दिसलं, की ते आता खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

"न्हाई दादा," मी म्हणाले. "मला घरी राहायचं व्हतं."

दादांनी हात कानामागं नेला, मान जराशी पुढं केली, आणि ऐकू न आल्यासारखं हसले. दादांचे कान अजून चांगले आहेत.